वायरिंगच्या प्रॅक्टिकलला बसताय? या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की पुण्यात धनकवडीतल्या आमच्या शेडमध्ये संध्याकाळी सहानंतर इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडची मुलं यायला लागतात. मी स्वतः आयटीआय करून १९ वर्षं वायरिंगची कामं घेते आहे. मुलं ताई म्हणतात, मी फी घेत नाही. अट एकच, वापरलेली वायर गुंडाळून जागेवर ठेवायची. दरवर्षी मुलं नवी असतात आणि चुका त्याच. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते: बल्ब लागला म्हणजे जॉब (परीक्षेत दिलेलं जोडणीचं काम) झाला. ही समजूत डोक्यातून जावी म्हणून हे लिहिते आहे.

जिन्याच्या वायरिंगपासून सुरुवात करते. या जॉबवर माझा सर्वांत जास्त जीव तुटतो.

दोन टू-वे स्विच (प्रत्येकाला तीन टर्मिनल: एक कॉमन, दोन बाजूची), एक बल्ब, तो खालून आणि वरून दोन्हीकडून लावायचा. फेज (करंट आणणारी वायर) पहिल्या स्विचच्या कॉमनला. दोन्ही स्विचच्या बाजूच्या टर्मिनलांमध्ये दोन वायरी. दुसऱ्या स्विचच्या कॉमनपासून होल्डरला आणि होल्डरच्या दुसऱ्या टोकाला थेट न्यूट्रल (परतीची वायर). पुस्तकात हेच आहे आणि परीक्षेतही हेच हवं. पण मोबाइलवर ‘वायर वाचवा’ म्हणणारे व्हिडिओ पाहून मुलं दुसरंच करतात. दोन्ही स्विचच्या एका बाजूला फेज, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल आणि दोन कॉमनच्या मध्ये बल्ब. बल्ब खालूनही लागतो, वरूनही विझतो, वायरही वाचते. मुलगा खूश.

आता यात काय होतं ते नीट समजून घ्या. बल्ब विझतो तो दोन वेळा. दोन्ही कॉमनला न्यूट्रल आलं तर आणि दोन्हींना फेज आला तरही. दुसऱ्या वेळी बल्ब बंद दिसतो, पण होल्डरच्या दोन्ही पिनांवर २३० व्होल्ट असतात. शिवाय एकाच छोट्या स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल समोरासमोर बसतात. स्विच जुना झाला, आत ठिणगी लांबली की तिथेच शॉर्ट.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत आम्ही पावसाळ्यात जिन्याचा दिवा बदलायला गेलो होतो. बल्बची काच फुटलेली, टोपी होल्डरमध्ये अडकलेली. माझ्याबरोबर २० वर्षांचा मुलगा होता. त्याने खालचा स्विच बंद केला, बल्ब चांगला असता तर विझला असता अशीच दोन्ही स्विचची स्थिती होती. शिडीवर चढून त्याने पकडीने टोपी धरली आणि फेकल्यासारखा खाली आला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. नंतर मी दोन्ही बोर्ड उघडले तर आत हीच वायर वाचवलेली जोडणी. कुणी, कधी केली, कुणालाच माहीत नव्हतं. मेन बंद करायला मी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून होल्डरला हात लावण्याआधी मेन बंद करते आणि तोही स्वतःच्या हाताने. त्या मुलाच्या आईसमोर मी उभी राहिले आहे, म्हणून ही जोडणी कुणाच्या बोर्डवर दिसली की मी पूर्ण जॉब उसकटायला लावते. रडकुंडीला आला तरी.

तुमच्या बोर्डवर ही चूक आहे का, ते तपासायची माझी सवय सांगते. सर किंवा ताई शेजारी उभे असताना, बल्ब काढून, टेस्ट लॅम्पचं एक टोक न्यूट्रल लिंकवर (सगळी न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवर) ठेवायचं आणि दुसरं होल्डरच्या एकेका पिनेला लावायचं. दोन स्विचच्या चार स्थिती होतात, चारही पाहायच्या. एक पिन चारही वेळा कोरडी हवी आणि दुसरीवर फक्त दोन वेळा लॅम्प लागायला हवा. दोन्ही पिनांवर लागला तर जोडणी चुकली. लॅम्पचं टोक अर्थवर ठेवू नका. आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ३० मिलिॲम्पिअरचा असतो, १५ वॅटचा बल्बही त्याला पाडतो. आणि हे काम निऑन टेस्टरवर सोडू नका. शेजारून गेलेल्या फेजमुळे बंद वायरीवरही तो मिणमिणतो, आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर चालू वायरीवर इतका फिका लागतो की उन्हात दिसतही नाही.

याच जॉबमधली दुसरी तक्रार: ‘ताई, वरचा स्विच एका बाजूला असला तरच खालचा चालतो.’ कॉमन चुकलाय, दुसरं काही नाही. मधला तोच कॉमन असं धरून चालू नका, सगळ्या कंपन्यांचे स्विच सारखे नसतात. जोडायच्या आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. जे टर्मिनल स्विचच्या एका स्थितीत एकाशी आणि दुसऱ्या स्थितीत दुसऱ्याशी बोलतं, ते कॉमन. त्याच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ते टाळणारी मुलं पुढे पाऊण तास वायरी उलटसुलट करत बसतात.

साधा वन-वे स्विच न्यूट्रलमध्ये लावणं हा बल्ब विझूनही होल्डरवर फेज राहण्याच्या दुखण्याचा धाकटा भाऊ. स्विच फेजमध्येच.

आता मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र. हा भाग मुलं घाईत उरकतात आणि ओरलला नेमका हाच विचारला जातो.

५०० व्होल्टचा मेगर घ्या. आधी मेगरच तपासा: टोकं सुटी ठेवून फिरवला तर अनंत दाखवायला हवा, टोकं जोडून हळूच फिरवला तर शून्य. मेन बंद. मग फेज आणि न्यूट्रलमधलं इन्सुलेशन घेताना बल्ब काढायचे, सॉकेटमधली उपकरणं काढायची, पण स्विच चालू ठेवायचे. स्विच बंद ठेवून घेतलेलं रीडिंग अर्ध्याच वायरिंगचं असतं. फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजताना मात्र बल्ब होल्डरमध्ये आणि स्विच चालू. किमान १ मेगाओहम हवा.

गेल्या वर्षी एक मुलगी फेज-न्यूट्रलचं रीडिंग शून्य आलं म्हणून अख्खं केसिंग (वायरी ज्यातून नेतात ती पट्टी) उघडायला निघाली होती. एक बल्ब होल्डरमध्येच राहिला होता. म्हणून शून्य आलं की आधी हात मागे घ्या आणि सगळे होल्डर रिकामे आहेत का ते बघा. मग बोर्डवरचा इंडिकेटर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सुटा केलाय का ते पाहा. रेग्युलेटर तर मेगरच्या व्होल्टेजने कायमचा जाऊ शकतो. हे सगळं ठीक असून अर्थशी रीडिंग कमी येत असेल तर स्क्रूखाली किंवा कॅपिंगच्या (केसिंगच्या झाकणाच्या) कडेत चेंगरलेली वायर शोधा. माझ्या शेडमध्ये ती बहुतेक वेळा कोपऱ्यात सापडते, कारण ४५ अंशांचा काप नीट न बसल्यावर मुलं कॅपिंग ठोकून बसवतात.

सॉकेट. समोरून पाहिलं तर वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. जोडणी मात्र आपण मागून करतो, तिथे डावं-उजवं बदलतं. मी मागच्या बाजूला फेजच्या टर्मिनलपाशी लाल ठिपका देते, अजूनही.

हिरवी वायर उरली म्हणून फेजला वापरू नका. वायर संपली तर मागून घ्या.

इन्सुलेशन सुरीने गोल कापू नका. तारेवर चर पडते आणि स्क्रू आवळताना ती तिथेच तुटते. पेन्सिल तासतो तशी तिरकी सुरी धरा किंवा स्ट्रिपर वापरा. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून पाहा.

बोर्डच्या आत वीतभर वायर सोडा. काटकसर तिथे करायची नाही.

डीओएल स्टार्टरचा (मोटर थेट पूर्ण सप्लायवर चालू करणाऱ्या स्टार्टरचा) जॉब आला आणि मोटर स्टार्टचं बटण दाबलं तेवढाच वेळ फिरली, तर काँटॅक्टरचा (आतल्या चुंबकी स्विचचा) एनओ, म्हणजे एरवी उघडा असणारा, ऑक्झिलरी काँटॅक्ट स्टार्ट बटणाला समांतर जोडायचा राहिलाय. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणतेही दोन फेज अदलाबदल करा. तिन्ही बदलून काहीच होत नाही, तरी दरवर्षी कुणीतरी तिन्ही बदलतंच.

आरसीसीबी चालू करताच पडतोय? त्याच्या पुढचं न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलंय किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलंय का, ते आधी पाहा. आरसीसीबी खराब आहे हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढा.

जॉब पूर्ण झाला की थेट मेनवर टाकू नका. सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून त्यातून सप्लाय द्या. सिरीजचा बल्ब पूर्ण तेजाने लागला तर शॉर्ट, दोन्ही बल्ब मंद लागले तर सर्किट ठीक, काहीच लागलं नाही तर कुठेतरी वायर सुटी. सरावाच्या बोर्डवर फिलामेंटचाच बल्ब लावा. एलईडी बल्ब सिरीजमध्ये लुकलुकतो किंवा लागतच नाही, आणि मग नसलेला दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

सरावाचं सामान तपकीर गल्लीत मिळतं: लाकडी बोर्ड, दोन टू-वे, दोन वन-वे, एक सॉकेट, दोन होल्डर आणि दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर. चौघांनी मिळून घ्या. एकच बोर्ड दहा वेळा उसकटून पुन्हा जोडला तर हात बसतो, दहा वेगवेगळे व्हिडिओ पाहून बसत नाही. थिअरीची गाइडं अप्पा बळवंत चौकातून जुनी आणत असाल तर छापल्याचं वर्ष बघा. भारतीय वीज नियम, १९५६ पाठ करून येणारी मुलं अजून भेटतात. त्यांची जागा केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि २०२३ मध्ये तेही बदलले.

परीक्षेच्या दिवशी पहिली १५ मिनिटं पकडीला हात लावू नका. कागदावर आकृती काढा, प्रत्येक वायरीला नंबर द्या, एकेक वायर बसली की पेन्सिलने टिक करा. शेजारच्याचं केसिंग ठोकून झालेलं दिसतं आणि पोटात गोळा येतो, ते मला ठाऊक आहे. तरीही आकृती आधी. रबरी सोलचे बूट घाला, अंगठी आणि कडं घरी ठेवा, आणि पेन्सिली दोन न्या, एक हमखास केसिंगमागे पडते.