झाड आतून कुजलंय का, हे आवाजावरून कसं ओळखायचं

आमच्या सोसायटीतला गुलमोहर जूनच्या पहिल्याच वादळी पावसात बुंध्यातून मोडून पडला, वरून बघाल तर हिरवागार, फुलं पण आलेली, आणि आत बघतो तर चहाच्या चोथ्यासारखा भुसा. नशीब खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय, जेवढं जमलं तेवढं इथे लिहितोय, कारण पावसाळ्याआधी सगळीकडे सरसकट फांद्या छाटतात पण खोड आतून कसं आहे ते फारसं कोणी बघत नाही.

मूळ कल्पना सोपी आहे. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. चांगल्या लाकडातून आवाजाची लाट पटकन जाते, बऱ्याच रुंद पानांच्या झाडांत आडवी जाताना साधारण सेकंदाला १,००० ते १,६०० मीटर. लाकूड कुजलं की त्याचा ताठपणा जातो आणि लाट रेंगाळते, आणि आत ढोली असेल तर लाट पोकळीतून जाण्याऐवजी कडेकडेच्या चांगल्या लाकडातून वळसा घालून जाते, म्हणजे दोन्ही बाबतीत पलीकडे पोचायला वेळ जास्त लागतो. आपण मोजायचा तो हा वेळ.

सुरुवात साध्या रबरी हातोड्याने करा. बुंध्याभोवती फिरत जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत दर वीतभर अंतरावर ठोकायचं, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तिथे खडूने खूण करायची. सैल सालही बद्द वाजते त्यामुळे लगेच घाबरू नका. मुळाशी कडक, चकचकीत तपकिरी छत्रीसारखी बुरशी दिसली (गॅनोडर्मा, गुलमोहराच्या बुंध्याशी नीट शोधा) तर ते झाड यादीत सगळ्यात वर ठेवा, मग आवाज कसाही येवो.

आता मशीन. साधं असतं ते दोन सेन्सरचं, स्ट्रेस वेव्ह टायमर म्हणतात. दोन्ही सेन्सरच्या पिना सालीतून आत चांगल्या लाकडापर्यंत बसवायच्या, समोरासमोर आणि एकाच उंचीवर, हे फार महत्त्वाचं आहे कारण लाकडाच्या उभ्या रेषांतून लाट आडव्यापेक्षा कितीतरी जोरात पळते, एक सेन्सर वर एक खाली झाला की आकडा फसवा येतो. मग सुरुवातीच्या सेन्सरवर छोट्या हातोडीने सरळ टकटक, पहिला आकडा सोडून द्यायचा, पुढच्या तीन-चारची सरासरी घ्यायची.

हिशोब असा. घेर १८८ सेंमी असेल तर भागिले ३.१४, म्हणजे व्यास ६० सेंमी. सेकंदाला १,३०० मीटर धरले तर वेळ यायला हवा साधारण ४६० मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद). आला ४८० तर काळजी नाही. ६०० च्या आसपास आला, म्हणजे ३० टक्के जास्त, तर लाकडाची ताकद निम्म्यावर आली असण्याची शक्यता धरतात, आणि ७०० आला म्हणजे ५० टक्क्यांच्याही वर, तिथे आत भयंकर कुज आहे असं समजून पुढे जायचं. पण १,३०० हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, प्रत्येक जातीचा वेग वेगळा, म्हणून शेजारचंच त्याच जातीचं धडधाकट झाड आधी मोजा आणि त्याच्याशी तुलना करा, मला तरी हेच सगळ्यात भरवशाचं वाटतं.

एका रेषेवर थांबू नका, सेन्सर ९० अंशात फिरवून परत मोजा. एकाच दिशेने वेळ जास्त आणि दुसऱ्या दिशेने नॉर्मल, तर कुज नसून भेगही असू शकते. मोठं झाड असेल, खाली शाळेचा रस्ता असेल, तर टोमोग्राफीवाल्यांना बोलवा. खोडाभोवती १० सेन्सर लावले की ४५ रेषा मिळतात आणि कॉम्प्युटर आतला रंगीत नकाशा काढतो. तोही भेगेला कधीकधी मोठी पोकळी समजतो, म्हणून शंका आली तर रेझिस्टोग्राफची (लाकूड सुईला किती अडवतं ते मोजणारं यंत्र) बारीक सुई आत घालून खात्री करून घेतात. वडाला जरा जपून, पारंब्या आणि खोडं एकमेकांत मिसळलेली असतात, मधे दबलेली साल आली की लाट तिथेच अडते आणि चांगलं झाड आजारी दिसतं. आणि छोटी कुज या पद्धतीत सापडत नाही, नारळाला तर हे आकडे लागूच होत नाहीत.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे, ढोली सापडली म्हणून लगेच कुऱ्हाड आणू नका. बाहेरची चांगल्या लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल आणि ती सलग बंद असेल तर झाड बऱ्याचदा उभं राहू शकतं, त्या ढोलीत पोपट नाहीतर पिंगळे राहत असतात. ढोलीत सिमेंट भरू नका, आत ओल कोंडते. झुकाव किती, मुळं कापली गेलीत का, वरचा पसारा किती, हे बघून वजन हलकं करता येतं. तोडायचंच ठरलं तर महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तिथे अर्जासोबत हे आकडे जोडा.

मोजलं त्या जागेचा फोटो, उंची आणि आकडे वहीत लिहून ठेवा, म्हणजे पावसाळा संपल्यावर त्याच उंचीवर, त्याच दिशेने परत मोजता येईल.