प्रबोधनकाळातलं चित्र बघायचं कसं? हातात दोरा घेऊन

मी चित्रकला शिकवते. रेनेसाँचा, म्हणजे प्रबोधनकाळाचा, धडा आला की मुलं भराभर मुद्दे उतरवून घेतात: यथार्थदर्शन, शरीररचना, छायाप्रकाश, ग्रीक-रोमन प्रेरणा. मुद्दे बरोबरच आहेत, पण ते पाठ करून चित्र दिसायला लागत नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न धरून बसा: या चित्रकाराने मला कुठे उभं केलंय?

लिओनार्दोच्या ‘द लास्ट सपर’ची मोठी छापील प्रत घ्या आणि एक पांढरा दोरा. छताच्या एका तुळईच्या कडेवर दोरा ताणून धरा आणि तो पुढे तसाच नेत राहा. मग दुसरी तुळई. मग बाजूच्या भिंतींवरच्या पडद्यांच्या वरच्या कडा. सगळे दोरे येशूच्या उजव्या कानशिलापाशी येऊन मिळतात. चित्रकाराने बघणाऱ्याची नजर धरलीय ती या बिंदूच्या समोर. मिलानमधल्या मूळ भिंतीवर नेमक्या तिथेच खिळ्याचं भोक सापडलंय. म्हणजे लिओनार्दोनेही, 1495 ते 1498 च्या दरम्यान, हेच केलं होतं! मला हे दरवेळी नवं वाटतं.

आता मासाच्चोचं ‘ट्रिनिटी’ बघा. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं हे भित्तिचित्र साधारण 1427 चं आहे. इथे रेषा मिळतात त्या क्रुसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. म्हणून वरची कमान खालून बघितल्यासारखी दिसते आणि तळाचा सांगाडा वरून बघितल्यासारखा. ओल्या गिलाव्यावर ओरखडून आखलेल्या रेषा अजून दिसतात. रेषा एका बिंदूत मिळवून खोली दाखवायची ही युक्ती, म्हणजेच यथार्थदर्शन, वास्तुकार ब्रुनेलेस्कीने प्रत्यक्ष करून दाखवली आणि आल्बेर्तीने 1435 मध्ये तिचे नियम लिहून काढले.

यानंतर सावल्या बघा. प्रकाश येतो कुठून? ब्रांकाच्ची चॅपेलमधल्या ‘ट्रिब्यूट मनी’ या भित्तिचित्रात मासाच्चोने तो उजवीकडून आणलाय, कारण त्या चॅपेलची खरी खिडकी त्याच बाजूला आहे. माणसांच्या सावल्या जमिनीवर डावीकडे पडतात. चित्रातलं ऊन आणि खोलीतलं ऊन एकच. लिओनार्दो पुढे कडाच विरघळवून टाकतो. मोनालिसाच्या ओठांचा कोपरा नेमका कुठे संपतो ते बोट ठेवून दाखवायचा प्रयत्न करा, म्हणजे ‘स्फुमातो’ या शब्दाची वेगळी व्याख्या लागत नाही.

शिल्पाकडे वळताना पुस्तक मिटा आणि उभ्या राहा. सगळा भार उजव्या पायावर टाका, डावा गुडघा सैल सोडा. उजवं कंबरेचं हाड वर आलं ना? आता उजवा खांदा जरा खाली येऊ द्या. शरीराला जो हलका बाक येतो तो म्हणजे ‘कॉन्त्रापोस्तो’. ग्रीकांना तो ठाऊक होता. रेनेसाँच्या शिल्पकारांनी तो जुन्या मूर्तींवरून पुन्हा उचलला. दोनातेल्लोचा ब्रॉन्झचा डेव्हिड (बायबलमधला, गोलियाथ या धिप्पाड योद्ध्याला हरवणारा तरुण) बघताना म्हणूनच आधी पाय बघा, चेहरा नंतर. भार कुठे आहे हे कळलं की खालून वर सगळं उलगडत जातं.

मायकेलअँजेलोचा डेव्हिड (1501 ते 1504) पाच मीटरहून उंच आहे. संगमरवराचा तोच ठोकळा आधी दुसऱ्यांनी अर्धवट कोरून सोडून दिलेला होता. उजव्या हाताच्या शिरा बघा: हात खाली सोडलेला आहे, म्हणून त्या फुगल्यात. मायकेलअँजेलोने मृतदेहांचं विच्छेदन करून शरीर शिकलं होतं, ते इथे बोटांपर्यंत उतरलंय.

पण डेव्हिडच्या समोर उभं राहून थांबू नका. मी पहिल्यांदा समोरच रेंगाळले आणि मला तो शांत, निवांत वाटला. त्याने मान स्वतःच्या डावीकडे वळवलीय; तुम्ही त्या नजरेच्या वाटेवर जाऊन उभ्या राहा. तिथून भुवया आवळलेल्या दिसतात, कपाळावर आठी दिसते. गोलियाथ जिथे असेल, तिथे तुम्ही उभ्या असता.