थ्रेशरमध्ये गांधीलमाश्यांनी घर करू नये म्हणून काय करायचं

गहू-हरभरा निघाला की थ्रेशर शेडमध्ये नाहीतर निंबाखाली उभा होतो तो सरळ सोयाबीन सोंगल्यावरच बाहेर निघतो, मधले पाच-सहा महिने त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि राजेहो, गांधीलमाशीला नेमकी अशीच जागा पाहिजे असते. वरून टिन, आत अंधार, हलवणारं कोणी नाही. मग दसऱ्याच्या टायमाला मशीन वावरात नेली, पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, थ्रेशर फिरवणारा दांडा) टाकला, सगळं थरथरलं की त्या एकदम बाहेर येतात, आणि तेव्हा गंजीपाशी पाच-सात माणसं-बाया उभी असतात. म्हणून हे काम मळणीच्या दिवसाचं नाहीच, मिरगाच्या आधीचं आहे.

आधी पाहुणी कोण ते ओळखा. करड्या कागदासारखं, खाली उघड्या तोंडाच्या खोल्या असलेलं, बारीक देठावर लटकलेलं पोळं म्हणजे गांधीलमाशीचं. ती लाकूड कुरतडते, लाळेत कालवते आणि त्याचा कागद करून घर बांधते, देठाला मुंग्या चढू नये म्हणून अंगातला रस पण चोळते. फोडून काढणारी हीच. दुसरी कुंभारीण, मातीचं घर करणारी, ही एकटीच राहते आणि सहसा चावत नाही. तिचं घर फोडून पाहा, आत लुळे पडलेले कोळी नाहीतर हिरव्या अळ्या कोंबलेल्या दिसतील, ते पिल्लाचं राशन. पण हिचा त्रास वेगळा, कुठलंही बारीक भोक दिसलं की मातीनं बुजवते. डिझेल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, सायलेन्सर, हायड्रॉलिक पाइपचं उघडं तोंड, काहीच सोडत नाही. 1996 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळ एक बोइंग 757 विमान समुद्रात पडून 189 लोक गेले, त्यात वेग मोजणारी नळी बंद झाली होती आणि संशय अशाच माशीच्या घरावर होता. आपला तर ट्रॅक्टर आहे.

आता कामाला लागा. हंगाम संपला की मशीन रिकामी चालवून आतलं कुटार, म्हणजे भुसा, उडवून टाका, मग झाडूनं जाळे-कोळी काढा, कोळी कमी झाले की कुंभारणीचं पण येणं कमी होतं.

मग भोकं बुजवायची, आणि इथंच खरा वेळ द्या. थ्रेशरच्या फ्रेमचे आणि ट्रॉलीच्या दांडीचे पोकळ पाइप टोकाला उघडे असतात, लोकांचं तिकडं लक्षच जात नाही. तिथं लाकडाचा ठोकळा ठोका किंवा एमसील भरा, पण पाणी निघायचं खालचं भोक असेल तर ते बंद करू नका, नाहीतर पाइप आतून सडेल. धान्य टाकायचं तोंड, पंख्याचं तोंड, कुटार फेकायचं तोंड, या मोठ्या जागांवर लोखंडी मच्छरजाळी तारेनं घट्ट बांधा. टाकीच्या झाकणाचं भोक बुजवायचं नाही, त्यावर जाळीचा तुकडा बांधायचा. सायलेन्सरवर उलटा डबा घाला आणि जिथं जिथं काही घातलं-बांधलं तिथं लाल चिंधी लावा, म्हणजे चालू करायच्या आधी काढायची आठवण राहते. आणि नुसती ताडपत्री टाकून मोकळे होऊ नका, ढिली ताडपत्री म्हणजे माश्यांना आयतं छप्पर.

बेल्टच्या कव्हरला आतून ग्रीसचा पातळ हात मारला तर देठाची पकड नीट बसत नाही. पण बेल्टला लागू देऊ नका, आणि जिथून धान्य जातं तिथं तर बोटभरही नको.

यानंतर आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन फेरी मारा, मिरगापासून बैलपोळ्याच्या सणापर्यंत तर चुकवूच नका. कव्हरच्या आत, मडगार्डच्या खाली, टूलबॉक्स, सीटखाली पाहा. रुपयाएवढं पोळं आणि त्यावर एक-दोन माश्या असतील तर संध्याकाळी लांब बांबूनं पाडा, देठ खरवडून रॉकेलच्या फडक्यानं पुसा, नाहीतर त्याच जागी परत मांडतात.

पोळं तळहाताएवढं झालं असेल तर मात्र हिरोगिरी नको. पोळी काढणारा माणूस बोलवा आणि काम अंधार पडल्यावर करा, टॉर्चला लाल पन्नी लावा कारण लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. टेंभा पेटवायचा नाही, आत सुकं कुटार, रबरी बेल्ट, डिझेल, सगळं एकदम जाईल. आणि कपाशीचं औषध पंपात भरून मारायचं तर डोक्यातच आणू नका, 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी गेले ते आपण पाहिलं, वरून त्याच मशीनमधून उद्या धान्य निघणार आहे.

बांधावरच्या बाभळीवरचं पोळं वाटेत नसेल तर राहू द्या, त्या कपाशीवरच्या अळ्या उचलतात.

मळणीच्या दिवशी माणसं बोलवायच्या आधी मशीनला लांबून काठीनं ठोका, दहा मिनिटं दूर उभं राहून कोणी आत-बाहेर करतंय का ते पाहा, मग चिंध्या-जाळ्या काढा, आणि एकट्या ड्रायव्हरनं थोडा वेळ रिकामी चालवा.

तरी चावलीच तर आधी तिथून दूर व्हा, कारण मधमाशीसारखा हिचा काटा तुटून राहत नाही, एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते आणि चिरडली की वासानं बाकीच्या येतात. हातावर डंख असेल तर अंगठी-बांगडी लगेच काढा, साबणानं धुवा, बर्फ लावा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, अंगभर गांध्या उठल्या किंवा तोंडात-गळ्यात डंख बसला तर चुना-कांदा चोळत बसू नका, 108 लावा. ॲम्ब्युलन्सला उशीर लागत असेल तर गावातली जी गाडी सापडेल तिनं सरकारी दवाखाना गाठा, आणि ज्याला आधी असा त्रास झालाय त्याला थ्रेशरपाशी उभंच करू नका, त्याला पोते शिवायला बसवा.