धरणाखालच्या घळीतला छोटा ट्रेक: या चुका टाळा

वाट जेमतेम दोन-तीन किलोमीटरची असते. दोन्ही बाजूंना उभे कडे, पायाशी नदी आणि शेवटच्या वळणावर अचानक समोर येणारी धरणाची अख्खी भिंत. घरच्यांना, लहान मुलांना घेऊन जावं असा हा ट्रेक, आणि जावंच. फक्त एक लक्षात ठेवा, धरणाखालची नदी आभाळाचं ऐकत नाही. तिचं पाणी विजेच्या आणि सिंचनाच्या गरजेप्रमाणे सुटतं. या वाटेवर होणाऱ्या बहुतेक गंभीर चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात, म्हणून आधी पाण्याबद्दलच सविस्तर लिहिते.

"पाऊस नाही, मग कसली भीती?"

८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल-संयोजक वाहून गेले. पाणी लारजी धरणातून सोडलेलं होतं. संध्याकाळची वेळ होती. ही वेळ मुद्दाम सांगते आहे. जलविद्युत केंद्रं विजेची मागणी वाढली की जास्त चालतात आणि मागणी बऱ्याचदा संध्याकाळी वाढते. आपल्याला फोटोसाठी मऊ उजेड हवा असतो तोही त्याच सुमारास. तेव्हा संध्याकाळचे फोटो काढायचेच असतील तर वरच्या वाटेवरून काढा, पात्रातून नको.

निघण्यापूर्वी हवामानाच्या अंदाजाबरोबर धरणातून किती विसर्ग चालू आहे आणि आज तो वाढणार आहे का, हेही विचारा. आकडा क्युसेकमध्ये मिळेल. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. विसर्ग १,००० क्युसेकने वाढला तर दर सेकंदाला आणखी २८ टन पाणी त्या चिंचोळ्या घळीतून वाट काढणार. रुंद पात्रात तेच पाणी पसरतं. घळीत पसरायला जागाच नसते, त्यामुळे ते वर चढतं.

"दरवाजे तर बंद दिसताहेत"

हा गैरसमज फार खोल रुतलेला आहे. सांडव्याचे दरवाजे उघडले की फेसाळ धबधबा दिसतो, गडगडाट होतो, आणि पाणी सोडणं म्हणजे तेवढंच असं आपल्या डोक्यात बसतं. वीजगृहातलं पाणी मात्र टर्बाइनमधून फिरून भिंतीच्या पायथ्याशी मुकाट बाहेर पडतं. काही प्रकल्पांत तर ते बोगद्यातून नेऊन धरणाच्या बरंच खाली नदीत सोडलेलं असतं. भिंत कोरडी ठणठणीत दिसत असतानाही नदी वाढू शकते.

"पाणी गढूळ झालं की निघू" हा डोंगरातल्या ओढ्यांसाठी चांगला नियम आहे, पण इथे त्याच्यावर विसंबू नका. गाळ जलाशयात तळाशी बसतो आणि खाली सुटतं ते बरेचदा नितळ पाणी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीला तिच्या तांबूस पाण्यावरूनच नाव पडलं, पण ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली तीच नदी स्वच्छ, हिरवट वाहते. वाढणारं पाणीही असंच काचेसारखं असू शकतं.

आम्ही एकदा पात्रातल्या एका सपाट खडकावर टेकलो होतो. मैत्रिणीने बूट काढून कडेला ठेवले होते. गप्पांच्या नादात दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. तिने वळून पाहिलं तर एक बूट तरंगत होता. आवाज बदललेला नव्हता, पाण्याचा रंगही तोच. ज्या तीन दगडांवरून आम्ही त्या खडकावर आलो होतो, त्यांतला मधला दिसेनासा झाला होता. आम्ही तसेच, बूट सोडून, गुडघाभर पाण्यातून बाहेर पडलो. आणखी पाच मिनिटांनी ते जमलं नसतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. थांबलो की पाण्याच्या अगदी काठाला एक ओळखू येईल असा दगड ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे बघायचं. दगड ओला झाला की लगेच उठायचं, सामान नंतर. काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि खडकावरचा शेवाळी पट्टाही बघून ठेवा. पाणी आधी कुठवर आलं होतं ते त्यांवरून कळतं. बसायचं ते त्या रेषेच्या वर.

पाणी सोडण्याआधीचा इशाऱ्याचा भोंगा वाजला तर "बघू, अजून वेळ आहे" असं म्हणू नका. पण भोंग्याची वाटही बघत बसू नका, वळणावळणाच्या घळीत तो ऐकू येईलच असं नाही.

पाणी वाढलंय आणि आपण पलीकडच्या काठावर आहोत

इथे घाई सगळ्यात महागात पडते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट होतो. जाताना घोटाभर असलेला प्रवाह येताना मांडीपर्यंत आला असेल तर तो ओलांडायचाच नाही. उंच जागी चढा, सगळे एकत्र बसा आणि विसर्ग कमी होण्याची वाट पाहा, मग त्यात रात्र का होईना. म्हणूनच सॅकमध्ये टॉर्च आणि एक गरम कपडा हवा, ट्रेक कितीही छोटा असला तरी.

कुणी पडलंच, तर वाहत्या पाण्यात उभं राहण्याची धडपड करायची नाही. पाऊल दगडांत अडकलं की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. पाठीवर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवायचे, हातांनी तिरकं काठाकडे सरकायचं. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वीच सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवलेला असावा.

उन्हाळा आहे म्हणून डुबकी मारणं

वर ऊन भाजत असताना डोह बोलावतो, हे खरं. पण टर्बाइनकडे जाणारं पाणी जलाशयात अनेकदा खोलवरून घेतात आणि तिथे ऊन पोचत नाही. ग्लेन कॅन्यनखाली अनेक वर्षं भर उन्हाळ्यातही पाणी ८ ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास असायचं. एवढ्या गार पाण्यात अंग एकदम गेलं की श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. उन्हाने तापला असाल तर काठावर बसून टोपी आणि रुमाल भिजवा. तेवढ्यानेही खूप बरं वाटतं.

"दोनच किलोमीटर तर आहे"

डोंगरात आधी चढण आणि मग उतार. कड्यावरून घळीत उतरणाऱ्या वाटेवर मात्र उलटं असतं. जाताना पाय आपोआप पडतात आणि सगळा चढ परतीला, नेमका उन्हाच्या वेळी, वाट बघत असतो. घळीतले खडक तापून उष्णता परत फेकतात, वाराही लागत नाही. जवळचं पाणी एक तृतीयांश संपलं की परत फिरा, धरण दिसलेलं नसलं तरीही. वेळेचा हिशेब करताना १८९२ पासून वापरात असलेला नेस्मिथचा नियम कामी येतो: ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. हा नियम चांगल्या वाटेसाठी आहे. दगडगोट्यांवरून चालायचं असेल तर वेळ सरळ दुप्पट धरा.

फोनच्या नकाशावरही फार भिस्त नको. उंच कड्यांवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे आपला ठिपका पलीकडच्या काठावर दिसू शकतो. नेटवर्कही बहुधा नसतं. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे घरी सांगून निघा.

शेवटचं वळण

धरण दिसलं की सगळे कड्याच्या टोकाकडे धावतात. खडक वाळूचा असेल तर आदल्या दिवशीच्या पावसानेही तो ठिसूळ होतो आणि वरून अगदी धडधाकट दिसणारी कड खालून पोखरलेली असू शकते. टोकापासून निदान आपल्या उंचीइतकं मागे उभे राहा, मुलांचा हात धरून ठेवा, आणि फोन डोळ्यासमोर धरून एकही पाऊल टाकू नका. भिंतीवर थेट ऊन कधी येतं ते आधी नकाशावर बघा. सूर्य भिंतीच्या मागे असेल तर फोटोत नुसता काळा ठोकळा येतो, आणि मग लोक "जरा अजून पुढून घेऊ" म्हणत कडेला सरकतात.