एसी एकीकडे गार, दुसरीकडे कोमट? गॅस भरण्याआधी हे तपासा

ग्वाल्हेरचा जून, आणि खोलीत पलंगावर पांघरूण लागतंय, पण दाराशी बसलेल्याला घाम फुटतोय. शहरातल्या लष्कर भागातल्या आमच्या घरी हेच चाललं होतं. मिस्त्री यायचा, "गॅस कम है" म्हणायचा आणि आम्ही पैसे द्यायचो. असं सलग दोन उन्हाळे झालं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी आतली कॉईल उघडून पाहिली, तर ती धुळीने लिंपलेली निघाली. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो, आणि कमी झालाच तर कुठेतरी गळती असते. म्हणून आधी मोजा.

वायर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. दारं-खिडक्या लावून, पंख्याचा वेग पूर्ण ठेवून एसी वीस मिनिटं चालवा. स्प्लिट एसी वरून हवा ओढतो आणि खालून सोडतो, त्या दोन्ही ठिकाणचं तापमान पाहा. फरक साधारण ८ ते १२ अंश आला तर यंत्र ठीक आहे, अडचण खोलीची आहे. (पावसाळ्यात हवेतली वाफ काढण्यातच बरीच शक्ती जाते, तेव्हा फरक थोडा कमी येतो.)

अडचण खोलीची असेल तर हवेची पट्टी आडवी करा. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. सोबत छताचा पंखा अगदी हळू ठेवा, आमच्याकडे निम्मा फरक त्यानेच मिटला. एसीसमोरचं कपाट किंवा पडदा हलवा. जुन्या घरांवरच्या दगडी पटिया (छताच्या लाद्या) दिवसभराचं ऊन रात्री खोलीत सोडतात, तिथे गच्चीला चुना देण्याइतका स्वस्त उपाय नाही. रिमोट १६ वर नेल्याने पलंगावरचाच माणूस गारठतो, दाराशी फारसा फरक पडत नाही. २४ ठेवून हवा फिरवा.

फरक ८ पेक्षा बराच कमी आला तर यंत्राकडे वळा. मेन स्विच बंद करून आतली जाळी (फिल्टर) काढा आणि धुऊन सावलीत वाळवा. लू (उन्हाळ्यातला गरम वारा) सुटली की दर पंधरा दिवसांनी हे करावंच लागतं. मग बाहेरचं युनिट. त्याच्यासमोर काही अडकवलेलं नको, आणि कॉईलवर पाणी हलक्या धारेने मारा. जोराच्या धारेने पातळ पत्र्या वाकतात. कॉईलवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ वितळू द्या. जाळी स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला, किंवा अर्ध्या तोंडातून गार आणि अर्ध्यातून कोमट हवा येत राहिली, तर मात्र गॅसची शंका रास्त आहे.

कारमध्येही मोजण्यापासूनच सुरुवात. आतली हवा आतच फिरवण्याचं बटण लावून दहा मिनिटांनी हवा येणाऱ्या प्रत्येक जाळीत थर्मामीटर धरा. सगळीकडूनच हवा मंद येत असेल तर केबिन फिल्टर पाहा, बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे असतो. गाडी चालताना गार आणि सिग्नलला थांबली की कोमट, असं होत असेल तर पुढचा कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉईलचा) पंखा फिरतोय का ते बघा. चालताना वाऱ्याने कंडेन्सर गार होतो, थांबल्यावर सगळी भिस्त त्या पंख्यावर. ड्रायव्हरच्या बाजूला एक आणि शेजारी वेगळं तापमान येत असेल तर दोन शक्यता: गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकलीय, मग डॅशबोर्डमागून टक-टक आवाजही येऊ शकतो, किंवा गॅस कमी होऊन कॉईलचा एकच भाग गार होतोय.

गॅसच्या नळ्या स्वतः उघडू नका. दाब मोठा असतो, आणि नव्या घरगुती एसींतला आर-३२ हा गॅस पेटही घेऊ शकतो. मिस्त्री आला की आधी गळती शोधायला सांगा, आणि गॅस वजन करून भरायला लावा. किती ग्रॅम ते घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर आणि बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.