लंबकाचा तास: ज्ञानरचनावादी पद्धतीने विज्ञानाची मूलभूत कौशल्ये

निरीक्षण, मापन, अंदाज, चलांचे (म्हणजे बदलू शकणाऱ्या गोष्टींचे) नियंत्रण आणि अनुमान ही कौशल्ये व्याख्या पाठ करून येत नाहीत. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, असे ज्ञानरचनावाद मानतो; म्हणून मुलांच्या मनात आधीच घर करून बसलेली कल्पना अनुभवाशी ताडून पाहावी लागते. त्यासाठी लंबकासारखे, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवलेल्या वजनासारखे, दुसरे साधन नाही; मुलांच्या तर्कशक्तीचा अभ्यास करताना मानसशास्त्रज्ञ झां पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनीही तो वापरला होता. 11 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी सलग दोन तास ठेवा.

साहित्य: चार जणांच्या गटाला सव्वा मीटर न ताणणारा दोरा, 3 सारखे वॉशर, मीटरपट्टी, स्टॉपवॉच.

1. आधी अंदाज. ‘वजन वाढवले तर झोका लवकर पूर्ण होईल, उशिरा, की तेवढ्याच वेळात?’ प्रत्येकाने उत्तर कारणासह पेनाने लिहावे. ही पायरी कधीही गाळू नका. अंदाज लिहिलेला नसला की प्रयोगानंतर सगळेच म्हणतात, ‘मला हेच वाटत होते.’ या वेळी तुमच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळता कामा नये.

2. आखणी गटाची. काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे गटच ठरवेल. तुम्ही एवढेच सांगा: जाऊन परत आला की एक झोका, आणि लंबक फार दूर ओढायचा नाही, 15 अंशांपर्यंत पुरे.

3. मोजणी. 10 झोक्यांचा वेळ घेऊन 10 ने भागायला सांगा; एकच झोका मोजला तर बटण दाबण्यातली चूक फार मोठी ठरते. 25 सेंमी लांबीला 10 झोक्यांना सुमारे 10 सेकंद लागतात. एखाद्या गटाला 9 सेकंद मिळाले, तर बहुधा लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटले गेले आहे. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे.

खरी गंमत वॉशर वाढवताना होते. मुले ते एकाखाली एक लटकवतात, वस्तुमानाचे केंद्र खाली जाते, लंबकाची लांबी वाढते आणि ‘वजनामुळे वेळ वाढला’ असा निष्कर्ष निघतो. लगेच चूक दाखवू नका. ‘दोरा टांगला आहे तिथपासून वॉशरांच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही वेळा मोजा,’ एवढेच म्हणा. दोन आकडे शेजारी आले की वॉशर एकत्र, एकाच उंचीवर का बांधायचे, हे त्यांचे त्यांनाच उमगते. चलांचे नियंत्रण इथे शिकून होते.

4. चर्चा. फळ्यावर दोन रकाने करा: ‘दिसले’ आणि ‘त्यावरून वाटते’. निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ इथे सुटते. ‘दोलनकाल’ (एका झोक्याला लागणारा वेळ) हा शब्द आता द्या, आधी नको.

5. नवा प्रश्न. 25 सेंमीला एक सेकंद, तर दोन सेकंदांसाठी लांबी किती? बरेच जण 50 म्हणतील. करून पाहिल्यावर 10 झोक्यांना 14 सेकंदच लागतात. लांबी वाढवत वाढवत ती 100 सेंमीपर्यंत पोहोचू द्या. मूल्यमापन करताना वही पाहा: एका वेळी एकच गोष्ट बदलली का, मोजणी पुन्हा केली का, आणि अंदाज चुकल्यावर कारण नव्याने लिहिले का.