क्लाउडवरच्या सर्व्हरवर काय ठेवावे आणि काय ठेवू नये

दादरमधील एका गृहउद्योगाची फराळाची वेबसाइट काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या तोंडावर, परदेशी पार्सलांची घाई सुरू असताना, बंद पडली. सर्व्हर चालू होता आणि इंटरनेटही चालू होते. परंतु वेबसाइट, ऑर्डरींचा डेटाबेस आणि पदार्थांची छायाचित्रे ही तिन्ही एकाच आभासी सर्व्हरच्या एकाच डिस्कवर होती. छायाचित्रांनी डिस्क भरत गेली आणि लिहायला जागा न उरल्यामुळे डेटाबेसने नव्या ऑर्डरी घेणे थांबवले. ती मांडणी मी केली होती. त्यानंतर ती कशी बदलली, हे त्याच वेबसाइटचे उदाहरण घेऊन येथे सांगत आहे.

आभासी सर्व्हर म्हणजे डेटा सेंटरमधील एका मोठ्या यंत्राचा सॉफ्टवेअरने आखून दिलेला वाटा होय. हायपरव्हायझर नावाचा थर यंत्रातील प्रोसेसर आणि मेमरी यांची वाटणी करतो आणि प्रत्येक वाट्यातील ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र यंत्रावर असल्याप्रमाणे चालते. ॲमेझॉनने २००६ साली आभासी सर्व्हर भाड्याने देणारी ईसीटू ही सेवा सुरू केली तेव्हा हे काम झेन हा हायपरव्हायझर करीत असे. २०१७ पासून आलेल्या नायट्रो व्यवस्थेत नेटवर्क आणि डिस्क यांचा भार वेगळ्या कार्डांवर टाकलेला आहे. यातून लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, खालचे यंत्र बिघडू शकते किंवा जुने झाले म्हणून काढून टाकले जाऊ शकते, आणि तेव्हा आपला सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर नव्याने सुरू करावा लागतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा मुंबईकर भिंतीत कपाटे बसवून घेत नाही. सर्व्हरच्या बाबतीतही हाच विचार ठेवावा. जे गमावून चालणार नाही, ते त्याच्यावर ठेवू नये.

प्रथम जागा निवडावी. ॲमेझॉनचा मुंबई विभाग, म्हणजे येथील डेटा सेंटरांचा समूह, २०१६ मध्ये आणि गूगलचा २०१७ मध्ये सुरू झाला, तर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे विभाग उघडले होते. ग्राहक येथील असतील तर जवळच्या विभागामुळे पान लवकर उघडते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंट व्यवस्थांची माहिती भारतातच साठवावी लागते, त्यामुळे पैशांच्या व्यवहाराशी संबंध येणार असेल तर हा प्रश्न आधीच मिटवलेला बरा. ॲमेझॉनच्या प्रत्येक विभागात वीज आणि नेटवर्क स्वतंत्र असलेले काही झोन, म्हणजे डेटा सेंटरांचे वेगवेगळे गट, असतात. ॲमेझॉनच्या मुंबई विभागात असे तीन आहेत. पुढे मी ॲमेझॉनचीच नावे वापरतो. इतरांकडे नावे वेगळी असली, तरी मांडणी साधारण तीच असते.

सर्व्हरचा आकार निवडताना लहानापासून सुरुवात करावी. टी३ स्मॉल या प्रकारात २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि २ जीबी मेमरी मिळते, परंतु त्यातील प्रोसेसर सतत पूर्ण क्षमतेने वापरण्यासाठी नसतो. प्रत्येक व्हीसीपीयूच्या २० टक्के वापरापर्यंत तो दिलेल्या दरात चालतो. त्यापेक्षा कमी वापर असताना श्रेय जमा होते आणि गर्दीच्या वेळी ते खर्च होते. श्रेय संपल्यावर, निवडलेल्या पर्यायानुसार, एकतर वेग मंदावतो किंवा जादा आकारणी होते. वर्षभर शांत असणाऱ्या आणि आश्विनात गजबजणाऱ्या वेबसाइटला हा प्रकार मानवतो, मात्र त्या महिन्यात श्रेयाचा आलेख रोज पाहावा.

आता डिस्कविषयी, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. ईबीएस ही डिस्क सर्व्हरच्या पेटीत नसते. ती नेटवर्कवरून जोडलेली असते, म्हणून सर्व्हर थांबवला तरी तिच्यावरील माहिती राहते. परंतु ती एकाच झोनमध्ये असते, आणि सर्व्हर कायमचा काढून टाकला की ज्या डिस्कवरून तो सुरू होतो ती डिस्कही नेहमीच्या सेटिंगनुसार पुसली जाते. काही प्रकारच्या सर्व्हरना यंत्रातच बसवलेली तात्पुरती डिस्क मिळते. ती वेगवान असते, पण सर्व्हर थांबवताच तिच्यावरील सर्व माहिती जाते. म्हणून ईबीएसचे स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रती, रोज आपोआप निघतील असे वेळापत्रक लावावे. स्नॅपशॉटवरून दुसऱ्या झोनमध्ये नवी डिस्क तयार करता येते.

छायाचित्रे, बिलांच्या पीडीएफ आणि अन्य फायली डिस्कवर न ठेवता एसथ्री या फायली साठवण्याच्या सेवेत ठेवाव्यात. तेथे डिस्क भरण्याचा प्रश्न येत नाही आणि नेहमीच्या प्रकारात प्रत्येक फाइल किमान तीन झोनमध्ये साठवली जाते. ग्राहकाची बिले मात्र सर्वांसाठी खुली ठेवू नयेत. ठरावीक वेळेनंतर निरुपयोगी होणारा, सही केलेला दुवा वेबसाइटने तयार करून द्यावा. फाइल थेट एसथ्रीकडून जाते, त्यामुळे सर्व्हरवरचा भारही कमी होतो.

ऑर्डरींचा डेटाबेस आरडीएससारख्या व्यवस्थापित सेवेकडे, म्हणजे डेटाबेसची देखभाल स्वतः करणाऱ्या सेवेकडे, सोपवावा. तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्यापेक्षा महाग पडतो हे खरे. तरीही लहान व्यवसायाने प्रथम पैसे खर्च करावेत ते येथेच, असे माझे ठाम मत आहे. आपोआप होणारे बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतात आणि चुकीने पुसलेली माहिती त्या मुदतीतील हव्या त्या क्षणाच्या स्थितीतून परत मिळवता येते. दुसऱ्या झोनमध्ये राखीव प्रत ठेवण्याचा पर्याय घेतला, तर मूळ डेटाबेस बंद पडल्यावर काम आपोआप तिच्याकडे जाते. मात्र राखीव प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकीने पुसलेली ओळ तेथेही त्याच क्षणी पुसली जाते. दोन्ही हवेत.

या सेवा एकमेकींशी जोडताना दारे मोजूनच उघडावीत. सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे कोणाला कोणत्या दाराने (पोर्टने) आत येऊ द्यायचे याच्या नियमांत, वेबसाइटचे ८० आणि ४४३ हे पोर्ट सर्वांसाठी असावेत. दुरून सर्व्हरमध्ये शिरून काम करण्यासाठीचा २२ हा पोर्ट जगाला खुला कधीच ठेवू नये. डेटाबेस पोस्टग्रेसचा असेल तर त्याचा ५४३२ हा पोर्ट केवळ सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपलाच उघडावा, म्हणजे उद्या सर्व्हरचा आयपी पत्ता बदलला तरी नियम बदलावा लागत नाही. एसथ्री वापरण्याची परवानगी सर्व्हरला रोलच्या, म्हणजे सर्व्हरला नेमून दिलेल्या अधिकारांच्या संचाच्या, रूपाने द्यावी. रोलमधून मिळणाऱ्या किल्ल्या तात्पुरत्या असतात आणि आपोआप बदलत राहतात. प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली कायमची किल्ली कोडसोबत कोठेही जाऊ शकते.

ऑर्डर नोंदवल्यावर जाणारा ईमेल सर्व्हरने स्वतः पाठवत बसू नये. त्याने एसक्यूएस या निरोप साठवणाऱ्या सेवेच्या रांगेत एक निरोप टाकावा आणि लॅम्डामधील (गरजेपुरता प्रोग्राम चालवणाऱ्या सेवेतील) छोट्या प्रोग्रामने तो उचलून पुढचे काम करावे. लॅम्डाला एका वेळी जास्तीत जास्त १५ मिनिटे मिळतात. ईमेलसाठी ती भरपूर होतात. ईमेल सेवा अडखळली तरी निरोप रांगेत थांबून राहतो आणि ग्राहकाची ऑर्डर अडत नाही.

एवढे झाल्यावर तयार सर्व्हरची इमेज (नवे सर्व्हर उभे करण्यासाठीची प्रत) काढावी, येणारे ग्राहक सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे दोन झोनमध्ये एकेक सर्व्हर ठेवावा आणि गर्दीत संख्या वाढण्याचा नियम लावावा. लॉगइनची नोंदही डेटाबेसमध्ये असावी, नाहीतर ग्राहक दुसऱ्या सर्व्हरकडे वळताच बाहेर फेकला जातो.

बिलासाठी पहिल्याच दिवशी बजेटची सूचना लावावी. थांबवलेल्या सर्व्हरचे भाडे लागत नाही, पण त्याच्या डिस्कचे लागते. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर पडतात, तो वापरात असो वा नसो. जुने स्नॅपशॉट आणि सुट्या राहिलेल्या डिस्क महिन्यातून एकदा तपासाव्यात.

शेवटी गणपतीनंतरच्या एखाद्या शांत रात्री, गर्दी सुरू होण्यापूर्वी, चालू सर्व्हरपैकी एक मुद्दाम काढून टाकावा आणि त्याच वेळी दुसऱ्या संगणकावरून एक ऑर्डर नोंदवून पाहावी. ऑर्डर नोंदली गेली, छायाचित्रे दिसली, ईमेल आला आणि काही मिनिटांत नवा सर्व्हर आपोआप उभा राहिला, तर मांडणी बरोबर आहे. यांपैकी जे झाले नाही, ती गोष्ट अजून कोठेतरी सर्व्हरवरच अडकलेली आहे. ती शोधून बाहेर काढावी आणि हीच चाचणी पुन्हा करावी.